काजळ, डिंक आणि ऊन

(द्वितीय वर्ष, कला)

छायाचित्र कशाचे बनते, असे कोणी विचारले तर 'प्रकाशाचे' असे चटकन उत्तर देऊन आपण मोकळे होतो. थोडा अधिक जाणता असेल तो चांदीच्या क्षारांचे नाव घेईल. आजचा विद्यार्थी खिशातला मोबाईलच काढून दाखवील. परंतु कागदावरचे चित्र कागदावर राहते कसे, वाऱ्याने उडून किंवा पाण्याने धुऊन का जात नाही, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. दारापुढची रांगोळी संध्याकाळपर्यंत विस्कटते. वारली चित्रातली पांढरी भुकटी मात्र भिंतीला धरून राहते, कारण तांदळाच्या त्या पिठात पाण्याबरोबर डिंक कालवलेला असतो. भुकटी ही भुकटीच. तिला धरून ठेवणारा पदार्थ निराळा असतो. या पदार्थाला शास्त्रीय परिभाषेत 'बंधक' म्हणतात, रंगाच्या दुकानात 'बाइंडर' म्हणतात.

हाताने छापलेल्या छायाचित्रांत जी बंधके वापरली गेली त्यांपैकी खळ आणि डिंक या दोहोंविषयी येथे लिहायचे आहे. विषय रसायनशास्त्राचा आणि लेखिका कलाशाखेची, तेव्हा विज्ञान शाखेच्या वाचकांनी सांभाळून घ्यावे. मात्र खळ आणि डिंक यांच्या बाबतीत माझा अधिकार कोणापेक्षा कमी नाही. आमचे घर परिटाचे. आण्णा बाजाराच्या गावी लाँड्री चालवतात, आणि निवडणुकीच्या हंगामात पुढाऱ्यांच्या खादीला द्यायची खळ शिजवण्याचे काम आम्हा बहिणींकडे असे. घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. खळीचा छायाचित्राशी संबंध आहे हे मी ग्रंथालयात वाचले, तेव्हा ते पान पुन्हा एकदा वाचून खात्री करून घ्यावी लागली.

प्रथम या दोन पदार्थांतील फरक. तांदळाचे, आरारूटचे किंवा मैद्याचे पीठ गार पाण्यात कितीही ढवळा, थोड्या वेळाने ते तळाशी बसतेच. तेच पाणी आचेवर ठेवून साठ-सत्तर अंशांच्या पुढे गेले की पिठातले सूक्ष्म दाणे पाणी पिऊन फुगतात, फुटतात आणि पातेले एकजीव होते. ही झाली खळ. पातळ असेल तर कपड्याला, घट्ट असेल तर पुस्तक बांधायला. बाइंडिंगवाले कसर लागू नये म्हणून तीत मोरचूद घालतात. खळ शिळी झाली की गोळा होऊन पाणी सोडते, म्हणून ती रोजच्या रोज ताजी करावी लागते. डिंकाचे तसे नाही. बाभळीच्या सालीला खाच पडली की तेथून पाझरून वाळलेला तो रस. गार पाण्यात रात्रभर भिजत ठेवला की आपोआप विरघळतो, त्याला आच लागत नाही. माझी आजी उन्हाळ्यात बांधावरच्या बाभळींवरून डिंक काढून डब्यात ठेवते आणि थंडीत त्याचे लाडू करते. खळ आणि डिंक या दोघांचेही मूळ द्रव्य शर्करेच्या लांबलचक साखळ्यांचे आहे. परंतु बाभळीच्या डिंकात त्या साखळ्यांना आम्लाचे फाटे असतात, आणि पुढे येणाऱ्या हकिगतीत या फाट्यांना महत्त्व आहे.

आता एका जुन्या पोथीचे पान डोळ्यांपुढे आणा. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात किंवा जुन्नरला हाताने जो कागद बनत असे त्याला तांदळाची अथवा गव्हाची खळ देऊन, वाळवून, गुळगुळीत दगडाने घोटून काढीत. खळ नसेल तर शाई कागदात फुटते, टीपकागदावर फुटते तशी. शाई म्हणजे काजळ आणि बाभळीचा डिंक पुष्कळ वेळ घोटून केलेली. काजळ म्हणजे निव्वळ कोळसा. तो उन्हाने विटत नाही, म्हणून तीन-तीनशे वर्षांची अक्षरे आजही काळीभोर दिसतात. एकच वैगुण्य आहे. अशा पानावर पाणी सांडले तर अक्षर पसरते, कारण वाळलेला डिंक पाणी मिळताच पुन्हा विरघळतो आणि काजळाला सोडून देतो. खळ दिलेला कागद, काजळ आणि डिंक ही सामग्री आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होती. हा डिंक आपल्याला हव्या त्या जागी पाण्यात न विरघळणारा करता येईल काय, एवढाच प्रश्न उरतो. त्याचे उत्तर युरोपात एकोणिसाव्या शतकात मिळाले.

१८३९ साली पॅरिसमध्ये दागेरने चांदीच्या पत्र्यावरील छायाचित्राची कृती जाहीर केली हे सर्वांना ठाऊक असते. त्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये मंगो पाँटन नावाच्या गृहस्थाने (नाव आपल्याकडे हसू आणणारे असले तरी माणूस गंभीर होता) पोटॅशियम डायक्रोमेट या नारिंगी क्षाराच्या पाण्यात कागद बुडवून वाळवला, त्यावर वस्तू ठेवून उन्हात धरला. उघडा भाग तपकिरी झाला. झाकलेल्या भागातला पिवळा क्षार पाण्याने धुऊन गेला. चांदीशिवाय चित्र! चांदी महाग, डायक्रोमेट स्वस्त, म्हणून पाँटनला आनंद झाला. पण हे सर्व त्या क्षाराचेच कर्तृत्व आहे असा सर्वसाधारण समज होता.

पुढच्याच वर्षी, १८४० मध्ये, एदमों बेकरेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्या समजुतीला धक्का दिला. (किरणोत्सर्गाचा शोध लावणारा आंरी बेकरेल तो याचाच मुलगा.) निरनिराळ्या कागदांवर निरनिराळा परिणाम का होतो याचा त्याने विचार केला आणि निष्कर्ष काढला की, प्रकाशाचा परिणाम कागदाला दिलेल्या खळीवर अवलंबून आहे. प्रकाशात डायक्रोमेट आणि खळ यांची एकमेकांवर क्रिया होते. खळ नसेल तर क्षार बापडा बराचसा स्वस्थ बसतो. मग त्याने त्यावर आणखी एक युक्ती केली. खळीला आयोडीन लावले की ती निळी होते. बटाट्याच्या फोडीवर आयोडीनचा थेंब टाकण्याचा प्रयोग आपण सर्वांनी शाळेत केला आहे. प्रकाश लागलेली आणि न लागलेली खळ आयोडीन सारख्या प्रमाणात घेत नाही. त्या फरकातून बेकरेलने निळे चित्र उमटवले. म्हणजे चित्र डायक्रोमेटचे राहिलेच नाही, खळीचे झाले.

मला या इतिहासातला हा सर्वांत मोलाचा क्षण वाटतो. नंतरच्या पुस्तकांत बेकरेलला एक-दोन ओळींपलीकडे जागा मिळत नाही, याचे आश्चर्य वाटते. कारण पुढचे सर्व शोध त्याच वाटेने गेले आहेत. १८५२ मध्ये इंग्लंडच्या फॉक्स टॅलबटने डायक्रोमेट मिसळलेले जिलेटिन प्रकाशाने कडक होते या गुणाचा उपयोग धातूवर चित्र कोरण्यासाठी करून पेटंट घेतले. १८५५ मध्ये फ्रान्सच्या आल्फोन्स प्वातव्हँने आणखी पुढचे पाऊल टाकले. त्याने डिंक, जिलेटिन अशा पदार्थांत डायक्रोमेटबरोबर कोळशाची पूडच मिसळली. प्रकाश लागेल तेथे बंधक घट्ट होईल आणि कोळशाला धरून ठेवील; न लागेल तेथे पाण्यात विरघळून कोळशासकट निघून जाईल. पोथीच्या शाईत एक नारिंगी क्षार घातला की प्वातव्हँची कृती झाली, असे म्हटले तर फारसे चूक होणार नाही.

आत नेमके काय घडते? डायक्रोमेटमधील क्रोमियम सहा संयुजेचे असते. प्रकाश लागला की ते डिंकाकडून इलेक्ट्रॉन घेऊन तीन संयुजेवर येते. हे तीन संयुजेचे क्रोमियम डिंकाच्या दोन साखळ्यांवरील आम्लाचे फाटे दोन हातांनी पकडते आणि त्यांना एकमेकींशी जखडून टाकते. असे लक्षावधी टाके पडले की सुट्या दोऱ्यांचे कापड होते. दोरा पाण्यात वाहून जातो, कापड जात नाही. चामडे कमावण्याच्या कारखान्यांत क्रोमियम वापरतात ते याच गुणासाठी.

हे सर्व उपद्‌व्याप करण्याचे कारण त्या काळी मोठे निकडीचे होते. चांदीची छायाचित्रे काही वर्षांतच पिवळी पडून विरू लागली होती. १८५५ साली लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीने यासाठी खास समिती नेमली आणि राणीचे पती प्रिन्स अल्बर्ट यांनी तिला ५० पौंड दिले. १८५६ मध्ये फ्रान्समधील ड्यूक द लुईन यांनी टिकाऊ छायाचित्र छापण्याच्या पद्धतीसाठी १० हजार फ्रँकची बक्षिसे जाहीर केली. त्यांतले मुख्य बक्षीस पुढे १८६७ मध्ये प्वातव्हँला मिळाले.

फोटो विरण्याचे दुःख काय असते हे आमच्या घराला चांगले ठाऊक आहे. माझ्या आजोबांचा एकच फोटो आहे, चाळीस वर्षांपूर्वी जत्रेतल्या स्टुडिओत काढलेला रंगीत. रंगीत फोटोतील निळ्या छटा आधी जातात आणि लाल मागे राहतो, तसे या फोटोचे झाले आहे. आजोबांचा पांढरा फेटा आता गुलाबी दिसतो आणि चेहरा त्याच गुलाबी रंगात बुडत चालला आहे. मी त्यांना पाहिलेले नाही. आजी म्हणते, "अजून दोन-चार वर्षांनी नुसता फेटाच दिसंल." महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या मॅडमच्या देखरेखीखाली आम्ही तिघींनी डिंकाची छपाई करायला घेतली, तेव्हा छापायला कोणते चित्र घ्यावे याचा मला विचार करावा लागला नाही.

कृती अशी. जुन्या फोटोचा मोबाईलवर फोटो घेऊन तालुक्याच्या दुकानात त्याची उलटी प्रत, म्हणजे निगेटिव्ह, पारदर्शक प्लॅस्टिकवर छापून घेतली. या पद्धतीत चित्र निगेटिव्हच्याच आकाराचे येते, म्हणून निगेटिव्ह हव्या त्या मापाचे हवे. कागद पुण्याच्या हातकागद संस्थेचा, सुती चिंध्यांचा. तो आधी गरम पाण्यात बुडवून वाळवावा, म्हणजे जेवढा आक्रसायचा तेवढा एकदाच आक्रसतो. मग खळ. शंभर मिलिलिटर पाण्यात दोन ग्रॅम आरारूट शिजवून, कोमट असताना रुंद ब्रशाने कागदावर पातळ फिरवली. आरारूट म्हणजे आपल्याकडे आजाऱ्याला देतात तेच. फोटोच्या कागदाला त्याची खळ देण्याची चाल युरोपात एकोणिसाव्या शतकापासूनची आहे. मिठाचे पाणी आणि चांदी यांनी बनवलेल्या कागदांना ती देत, आणि विल्यम विलिसने १८७३ मध्ये पेटंट घेतलेल्या प्लॅटिनमच्या छपाईतही ती चालते. खळीने कागदाची भोके बुजतात आणि रंग वर राहतो. खळ न दिलेल्या कागदावर काजळ धाग्यांत शिरून बसते, मग कितीही धुवा, पांढरा भाग मळकाच राहतो. आण्णांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "सदऱ्याचं तेच. खळीचा सदरा मळला तर मळ खळीवर बसतो, कापडावर नाही. धुताना खळीबरोबर निघून जातो." एवढे सोपे स्पष्टीकरण मला कोणत्याही पुस्तकात सापडले नाही.

एक भाग बाभळीचा डिंक दोन भाग पाण्यात, मलमलीच्या पुरचुंडीत बांधून रात्रभर टांगून ठेवला. काडीकचरा पुरचुंडीत राहतो. या पाकात काजळ खलून घेतले. दुसऱ्या बाटलीत शंभर मिलिलिटर पाण्यात दहा ग्रॅम पोटॅशियम डायक्रोमेट. दोन्ही समभाग मिसळून मंद प्रकाशात कागदावर ब्रशाने झरझर लावले आणि अंधारात वाळवले. ओला लेप प्रकाशाला फारशी दाद देत नाही; वाळला की तो जागा होतो. असा कागद साठवून ठेवता येत नाही, कारण डायक्रोमेट आणि डिंक यांची क्रिया अंधारातही हळूहळू चालूच असते. पावसाळ्याच्या दमट हवेत तर रात्रीतून सगळा लेप कडक होतो. म्हणून लावला त्याच दिवशी छापावा.

निगेटिव्ह वर ठेवून, काचेखाली दाबून मार्चच्या उन्हात चार ते पाच मिनिटे. नंतर साध्या गार पाण्याच्या परातीत कागद पालथा तरंगत ठेवला. प्रथम पाणी पिवळे होते, मग काजळाचे धागे खाली उतरू लागतात. अर्ध्या तासाने कागद उलटून पाहिला तर फेट्याची कड स्वच्छ दिसत होती. ओला लेप दुधावरच्या सायीसारखा नाजूक असतो, त्याला बोट लावू नये. वाळल्यावर मात्र तो खरवडल्याशिवाय निघत नाही. मागे राहिलेला पिवळट डाग पोटॅशियम मेटाबायसल्फाइटच्या पाण्याने जातो.

एका लेपात चित्र पुरे होत नाही, याचेही कारण बंधकातच आहे. प्रकाश वरून येतो, म्हणून डिंक वरच्या बाजूने कडक होत खाली जातो. गडद छायेत तो कागदापर्यंत कडक होतो आणि चिकटून राहतो. मधल्या छटांत वरचा पापुद्रा कडक, पण त्याखालचा थर मऊच राहतो. पाण्यात तो थर विरघळला की वरचा पापुद्राही निराधार होऊन निघून जातो. जोसेफ स्वान या इंग्रज संशोधकाने १८६४ मध्ये यावर तोड काढली. जिलेटिनचा लेप दुसऱ्या कागदावर पालथा चिकटवून तो मागच्या बाजूने धुवायचा. डिंकाच्या छपाईत असे करता येत नाही. तेथे लेप पातळ ठेवायचा, कागद थोडा खरबरीत घ्यायचा म्हणजे त्याच्या खाचांत डिंक अडकून राहील, आणि वाळल्यावर पुन्हा लेप देऊन, निगेटिव्ह नेमके त्याच जागी बसवून दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा छापायचे. आजोबांच्या चेहऱ्याला तीन लेप लागले. दुसऱ्या लेपानंतर आरारूटची खळ वारंवार भिजून सैल होते असे आम्हाला आढळले, म्हणून मध्ये पुन्हा एकदा खळ द्यावी लागली. कडक केलेले जिलेटिन या कामी खळीपेक्षा सरस आहे हे मान्य केले पाहिजे.

डिंकाच्या छपाईला कलेचा दर्जा मिळाला तो पुढे. इंग्लंडच्या जॉन पाउन्सीने १८५८ मध्ये डिंक आणि कोळशाची चित्रे दाखवली होती, पण मधल्या छटा नाहीत म्हणून त्यांची टिंगल झाली. १८९४ च्या सुमारास पॅरिसमध्ये रॉबेर दमाशी आणि त्याच्या सोबत्यांनी हाच दोष गुण म्हणून उचलला. ओला लेप ब्रशाने पुसून, हवे ते ठेवून, नको ते काढून त्यांनी फोटोला चित्रासारखे रूप दिले. ऑस्ट्रियात हाइनरिश क्यून रंगीत लेपांवर लेप देऊ लागला. अमेरिकेच्या एडवर्ड स्टायकेनने १९०४ मध्ये प्लॅटिनमच्या छपाईवर डिंकाचे लेप चढवून केलेले तळ्यावरील चंद्रप्रकाशाचे चित्र २००६ साली न्यूयॉर्कच्या लिलावात २९ लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेले. दमाशीच्या चित्रांत मला तरी ब्रशाची हौस थोडी जास्त वाटते. चेहरा ओळखू यावा एवढीच ज्याची गरज आहे त्याला ती पद्धत उपयोगी नाही.

खळीने आणखी एक पराक्रम केला आहे, तो बंधक म्हणून नव्हे, पण सांगितल्यावाचून राहवत नाही. फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंनी १९०७ मध्ये बाजारात आणलेल्या पहिल्या यशस्वी रंगीत फोटोच्या काचांवर बटाट्याच्या पिठाचे नारिंगी, हिरव्या आणि जांभळ्या रंगांत रंगवलेले दाणे पसरलेले असत. एकेक दाणा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा, आणि मधल्या फटींत काजळ भरलेले. पीठ आणि काजळ, पुन्हा तीच जोडी!

आपल्याकडे हे शास्त्र कलेच्या वाटेने आले नाही, नकाशाच्या वाटेने आले. इंग्लंडच्या सर्वेक्षण खात्याचे प्रमुख हेन्री जेम्स यांनी १८६० च्या सुमारास नकाशांच्या प्रती काढण्यासाठी डिंक आणि डायक्रोमेट लावलेल्या कागदावर निगेटिव्ह छापून, त्यावर तेलकट शाई चढवून, ते चित्र जस्ताच्या पत्र्यावर उतरवण्याची पद्धत बसवली. तिला फोटोझिंकोग्राफी म्हणत. मुंबई इलाख्याच्या पुष्कळ जुन्या नकाशांच्या कोपऱ्यात पुण्याच्या सरकारी फोटोझिंकोग्राफिक कचेरीचे नाव छापलेले आढळते. पुण्याच्या शासकीय फोटोझिंको मुद्रणालयाच्या नावात तो जस्ताचा पत्रा अजून शिल्लक आहे.

आणि लग्नपत्रिकांच्या वाटेनेही आले. माझा मामा स्क्रीन प्रिंटिंग करतो. ताणलेल्या जाळीवर तो जो लेप देतो त्यात डायक्रोमेटच असते. दिव्याखाली अक्षराबाहेरचा लेप कडक होतो, अक्षरांच्या जागचा पाण्याने निघून जातो आणि तेथून शाई उतरते. इतकी वर्षे मामाने ते काम उघड्या हातांनी केले. बोटांना भेगा पडतात त्या शाईच्या, असे तो समजत असे. सहा संयुजेचे क्रोमियम त्वचेला जखमा करते, एकदा ॲलर्जी जडली की सहसा सुटत नाही, आणि त्याची भुकटी श्वासाबरोबर गेली तर कर्करोगाचा धोका असतो. युरोपीय संघात २०१७ पासून खास परवान्याशिवाय त्याच्या वापराला बंदी आहे. आपल्याकडे ते सुट्या पुड्यांत मिळते. मॅडमनी आम्हाला पहिल्याच दिवशी अटी घातल्या होत्या. वजन त्या स्वतः करणार, हातमोज्यांशिवाय बाटली उघडायची नाही, आणि धुतलेले पिवळे पाणी मोरीत न ओतता बरणीत साठवून प्रयोगशाळेत द्यायचे. तेथे आम्ल आणि मेटाबायसल्फाइट घालून ते हिरवे करतात. हिरवे म्हणजे तीन संयुजेचे, पुष्कळ कमी घातक. मामाला मी हातमोज्यांचा खोका नेऊन दिला. मी समोर असते तेव्हा तरी तो ते वापरतो.

आता शेवटी डिंकांविषयी. इंग्रजी पुस्तकांत सर्वत्र 'गम अरेबिक' सांगितलेला असतो. तो आफ्रिकेतील एका जातीच्या बाभळीचा. त्याचा मोठा पुरवठा सुदानमधून होतो आणि शहरातल्या दुकानात त्याची किंमत आमच्या खिशाला परवडणारी नसते. म्हणून आम्ही गावचे डिंक घेतले. गावबाभळीचा फिकट, स्वच्छ खडा चांगले काम देतो. तांबूस खड्यांत सालीचे टॅनिन उतरलेले असते, तेवढे वेचून बाजूला काढावे. धावड्याचा डिंक, जो बाजारात लाडवांसाठी मिळतो, पाण्यात पुरता विरघळत नाही आणि त्याचा पाक तेवढ्याच वजनात फार दाट होतो. निम्म्याहून कमी घेऊन, फडक्यातून दोनदा गाळून तो वापरला तर लेप बसतो, मात्र ब्रशाचे फराटे दिसतात. कांडोळाचा डिंक विरघळतच नाही, नुसता फुगून जेलीसारखा होतो आणि त्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. तो या कामाचा नाही. तांदळाच्या कांजीतच काजळ आणि डायक्रोमेट घालून पाहिले. बेकरेलचे म्हणणे खरे ठरले, चित्र उमटले, पण कांजी ताजी असेपर्यंतच लेप सारखा लागतो. खैराचा डिंक बाभळीच्या तोडीचा असतो असे वाचले आहे. आमच्या भागात खैर थोडा. आजीने मावशीच्या गावी निरोप पाठवला आहे.